मनाई आत, धूर आमच्या ओट्यावर

प्रश्न : धुळ्यात आमचे घर एका उपाहारगृहाला लागून आहे. आत धूम्रपानास मनाई असल्याने गिऱ्हाइके आमच्या ओट्याशी उभी राहून बिड्या ओढतात आणि दम्याने त्रस्त सासूबाईंना भर उन्हाळ्यातही खिडकी उघडता येत नाही. कायदा आमच्या बाजूने आहे का?

उत्तर : २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे धूम्रपानबंदीविषयीचे कलम ४ आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम उपाहारगृहे, कार्यालये, बसस्थानके अशा सार्वजनिक जागांना लागू असून उल्लंघनास २०० रुपयांपर्यंत दंड आहे; मात्र मोकळा रस्ता त्यांत सरसकट येत नाही, आणि ही उणीव मला फार गंभीर वाटते, कारण धुराचा त्रास त्यामुळे शेजाऱ्यांच्या माथी येतो. ओटा तुमच्या मालकीचा असल्यास तेथे उभे राहण्यास तुम्ही निःसंकोच मनाई करा. उपाहारगृहाच्या मालकाने रस्त्यावर बाकडी मांडली असतील, तर त्या अतिक्रमणाविरुद्ध महानगरपालिकेकडे लेखी तक्रार द्या व पोच घ्या.