ग्रुपमध्ये तो नुसता बघत बसतो, तेव्हा

तुम्ही लिहिलंय की साडेपाच वर्षांच्या मुलाला वन-टू-वन थेरपीमधून (म्हणजे तो आणि थेरपिस्ट, दोघंच) चार मुलांच्या थेरपी ग्रुपमध्ये घेतलं, तीन सेशन झाली आणि तो भिंतीला टेकून नुसता बघत बसतो. पैसे वाया जातायत का आणि इतरांचा आरडाओरडा तो उचलेल का, असे तुमचे दोन प्रश्न. माझा मुलगा दोन वर्षं ग्रुपला जायचा, त्या अनुभवावरून सांगते.

बघत बसणं म्हणजे काहीच न करणं नव्हे. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ साली मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यात एकट्याने खेळणं आहे, दुसऱ्यांचा खेळ बघणं आहे, शेजारी बसून आपापलं खेळणं आहे आणि मिळून खेळणंही आहे. तुमच्या मुलाची नजर कुठे असते ते बघा. मुलांच्या हातांवर असेल तर आत काहीतरी शिजतंय. दाराकडे असेल, हात कानावर असतील, तर त्याला तिथला गोंगाट सोसत नाहीये. मग मात्र पुढच्या सेशनची वाट न बघता थेरपिस्टशी बोला.

आमच्या ग्रुपमध्ये लेगोचे ठोकळे असायचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी रुळवलेली ही पद्धत: एक मूल इंजिनिअर, ते चित्र बघून सांगतं, दुसरं सप्लायर, ते तुकडा शोधून देतं, तिसरं बिल्डर, ते जोडतं. थोड्या वेळाने भूमिका बदलतात. एकदा माझा मुलगा सप्लायर होता. इंजिनिअर झालेली मुलगी म्हणाली, "लाल दे." त्याने लांबट लाल दिला, तिला हवा होता चौकोनी. तिने चित्र आपटलं. काचेपलीकडे मी मनातल्या मनात ओरडतेय, "अरे, दुसरा दे ना!" आणि थेरपिस्ट ढिम्म. शेवटी त्याने अख्खा डबा तिच्यापुढे सरकवला आणि विचारलं, "कुठला?"

वन-टू-वनमध्ये हा शब्द कधी आलाच नव्हता, कारण समोरचं मोठं माणूस त्याच्या मनातलं आधीच ओळखायचं. लहान मुलं अशी सवलत देत नाहीत. ग्रुपचा उपयोग मला तरी इथेच दिसला, आणि थेरपिस्टचं कसब गप्प कधी राहायचं यात.

अर्थात ग्रुप धड हवा. आमचा पहिला (दुसऱ्या ठिकाणचा) नव्हता. तीन ते नऊ वर्षांची आठ मुलं, सांभाळायला एक जण, गोलात बसून टाळ्या. त्याला मी पाळणाघर म्हणेन. तेव्हा विचारा: मुलांच्या जोड्या कशावरून लावल्या? माझ्या मुलासाठी आत्ताचं एक उद्दिष्ट कोणतं? दोघांना एकच वस्तू हवी झाली की तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही भांडणं होऊच देत नाही" असं आलं, तर मी तिथून मूल काढून घेईन.

वाईट सवयींचं म्हणाल तर हो, उचलतो. आमच्याने "चल हट" उचललं आणि महिनाभर घरभर वापरलं. पण अगदी योग्य जागी वापरलं! मी रागवायचं सोडून हसत सुटले. पुढे आपोआप गेलं.

खरी अडचण वेगळी आहे: खोलीत जमलेलं खोलीतच राहतं. आमचा मुलगा तिथे शहाण्यासारखा पाळी पाळायचा आणि बाहेर हरला की रडीचा डाव. म्हणून त्या आठवड्यात ग्रुपमध्ये शिकवलेलं वाक्य थेरपिस्टकडून मागून घ्या आणि तेच वाक्य घरी आणि बाईंकडून शाळेतही वापरलं जाऊ द्या. सुट्टीत एकच मूल घरी बोलवा. घसरगुंडी नको, दोघांचा ठरलेला खेळ, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि बिनसायच्या आत थांबवा. चार मुलं बोलावून वाढदिवसासारखा गोंधळ घालण्याची चूक मी केली आहे.

तीन सेशनवर निर्णय घेऊ नका, दहा-बारा तरी होऊ द्या. वन-टू-वनही एकदम तोडू नका. एक सूचना ऐकणं, हवं ते मागणं हे अजून डळमळीत असेल तर दोन्ही चालू राहू द्या. पुढच्या वेळी तो सर्वात जास्त कोणत्या मुलाकडे बघतो तेवढं टिपून ठेवा. घरी बोलवायला तेच मूल बरं पडेल.