कोड पाठ आहे, पण कोरे पान समोर आले की सुचत नाही

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातील मुलामुलींकडून समुपदेशन कक्षात वारंवार ऐकू येणारी तक्रार अशी असते: सर फळ्यावर शिकवतात तेव्हा समजते, यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहतानाही समजते, मात्र स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. ‘डेटा स्ट्रक्चर्स अँड अल्गोरिदम्स’ (माहिती मांडण्याच्या आणि प्रश्न पायरीपायरीने सोडवण्याच्या पद्धती) हा विषय सुरू झाला की ही तक्रार वाढते, आणि माझ्यासमोर येईपर्यंत ‘माझ्यात लॉजिकच नाही’ असा निकाल मुलांनी स्वतःविरुद्ध देऊनही टाकलेला असतो. हा निकाल बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे माझे ठाम मत आहे. ते का, हे एका विद्यार्थिनीच्या अनुभवावरून सांगते. तिची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

ही मुलगी मराठवाड्यातून पुण्याला आलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. इलेक्ट्रॉनिक्सची पदविका चांगल्या गुणांनी पूर्ण करून तिने संगणक शाखेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला होता. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशफेऱ्या उशिरापर्यंत चालतात, त्यामुळे ती वर्गात पोहोचली तेव्हा ॲरे आणि सर्चिंग शिकवून झाले होते आणि लिंक्ड लिस्ट, म्हणजे प्रत्येक घटकात पुढच्या घटकाचा पत्ता ठेवणारी यादी, सुरू होती. शेजारच्या बाकावरची मुले अकरावीपासून कोडिंग करणारी. लॅबमध्ये तिचा प्रोग्रॅम चालेना, विचारायचा संकोच वाटे, म्हणून जर्नलमधले कोड ती रात्री जागून पाठ करू लागली. सत्राच्या मध्यावर होणाऱ्या इनसेम परीक्षेत प्रश्न किंचित फिरवून आला आणि पाठ केलेले काहीच कामी आले नाही. ‘‘मॅडम, हे माझ्या डोक्यात जाणारं नाही. बाबांना कसं सांगू?’’ एवढे बोलून ती रडू लागली.

तिला आधी मनसोक्त बोलू दिले. झोप, जेवण, घरची परिस्थिती, खोलीतल्या मैत्रिणी यांविषयी सविस्तर विचारले, कारण अभ्यासाच्या तक्रारीआड कधीकधी नैराश्य दडलेले असते आणि ते तपासल्याशिवाय अभ्यासाच्या युक्त्या सांगणे धोक्याचे असते. तसे काही आढळले नाही. मग लिंक्ड लिस्टमध्ये मधोमध नवा नोड, म्हणजे नवा घटक, घालण्याचा कोड तिला तोंडी म्हणायला सांगितला, तो तिने एका दमात म्हटला. ‘‘आता शेवटच्या दोन ओळींची अदलाबदल केली तर काय होईल?’’ असे विचारल्यावर मात्र ती गप्प झाली. तिचे नेमके काय अडले आहे, ते त्या गप्प होण्यातून मला कळले.

मी संगणकाची शिक्षिका नाही, परंतु या विषयाने घाबरलेल्या मुलांबरोबर बसून बसून लिंक्ड लिस्टपुरते मला जमते. आम्ही टेबलावर कागदाच्या चिठ्ठ्या मांडल्या, एक चिठ्ठी म्हणजे एक नोड. पहिलीवर 12, दुसरीवर 25, तिसरीवर 40 लिहिले आणि त्यांना 100, 200, 300 असे पत्ते दिले. 12 च्या चिठ्ठीवर पुढचा पत्ता 200, 25 च्या चिठ्ठीवर 300, आणि 40 च्या पुढे काही नाही. आता 25 आणि 40 यांच्यामध्ये 30 घालायचे, आणि त्याचा पत्ता 400. योग्य क्रमाने करायचे तर आधी 25 च्या चिठ्ठीवरचा 300 हा पत्ता नव्या चिठ्ठीवर उतरवायचा आणि त्यानंतर 25 च्या चिठ्ठीवरचा 300 खोडून तिथे 400 लिहायचे. तिला मी मुद्दाम उलट्या क्रमाने करायला लावले. तिने 300 खोडून 400 लिहिले, मग नव्या चिठ्ठीवर लिहिण्यासाठी 25 च्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचला, तर तिथे 400 च होता. म्हणजे 30 ची चिठ्ठी स्वतःलाच जोडली गेली, आणि 40 चा पत्ता कुठेच उरला नाही. ती बराच वेळ चिठ्ठ्यांकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘लॅबमध्ये माझा प्रोग्रॅम 30, 30, 30 असं छापतच बसला होता. तो ह्यामुळं!’’ ज्या मुलीत लॉजिक नाही असे तिचेच म्हणणे होते, तिने आपल्या प्रोग्रॅममधली चूक स्वतः शोधून काढली होती.

पाहताना समजणे आणि न पाहता करता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले, आणि तरीही स्वतःच्या लक्षात राहील याविषयी अधिक खात्री वाचणाऱ्यांनाच वाटत होती. चौथ्यांदा व्हिडिओ पाहून ‘आता आले’ असे वाटणाऱ्या मुलाची फसगत नेमकी अशीच होते. पाठांतराला मी वाईट म्हणत नाही, पण इथे जे लक्षात ठेवायचे आहे ते ओळींमागचे कारण आहे.

त्यानंतर तिच्या अभ्यासाची पद्धत आम्ही बदलली. नवा अल्गोरिदम आला की आधी पाच-सहा आकडे घेऊन तो वहीत हाताने चालवायचा आणि प्रत्येक पायरीला कोणत्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिहायचे. नंतर वही मिटून तो साध्या मराठीत स्वतःला सांगायचा आणि त्यानंतरच सी प्लस प्लस या संगणकीय भाषेत लिहायचा. अडले तर उत्तर उघडायला हरकत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी तोच प्रोग्रॅम कोऱ्या पानावर पुन्हा लिहायचा. मराठीत सांगण्याचा तिला विशेष उपयोग झाला, कारण इंग्रजी आणि अल्गोरिदम अशी दोन ओझी एकाच वेळी वाहण्याची सक्ती सुटली. बायनरी सर्च तिने मैत्रिणीला मराठीत समजावला: मधली नोंद पाहिली की दर वेळी निम्मी यादी बाद होते, म्हणून क्रमाने लावलेल्या दहा लाख नोंदींतूनही हवी ती नोंद सुमारे 20 तुलनांत सापडते.

राहिली लाज. चूक होणे म्हणजे आपण नालायक असणे, हे तिच्या मनात घट्ट बसले होते. तिला जावा या संगणकीय भाषेच्या अधिकृत लायब्ररीतल्या, म्हणजे तयार कोडच्या संग्रहातल्या, बायनरी सर्चविषयी सांगितले. तो जोशुआ ब्लॉक या नामवंत अभियंत्याने लिहिलेला होता आणि त्यात सुमारे नऊ वर्षे एक चूक होती. मधला क्रमांक काढताना दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून तिला दोनने भागले होते. यादी सुमारे 107 कोटी घटकांपलीकडे गेली, तर ती बेरीज 32 बिटांच्या पूर्णांकात मावत नाही आणि उत्तर उणे येते. ब्लॉक यांनी 2006 मध्ये स्वतःच ही चूक लिहून जगापुढे ठेवली. हे ऐकल्यावर तिने लॅबमध्ये सरांना पहिली शंका विचारली.

तिच्या वडिलांचाही फोन आला. ‘‘मॅडम, पोरीला झेपत नसेल तर शाखा बदलून घेऊ का?’’ त्यांच्या काळजीत धाक नव्हता, मायाच होती. त्यांना मी म्हटले, ‘‘तुमच्या मुलीला कमी वेळात जास्त गाठायचे आहे, एवढाच प्रश्न आहे. सत्र संपेपर्यंत तिला वेळ द्या, आणि फोनवर गुणांआधी तिचे जेवण-झोप विचारा.’’ त्यांनी ते मनापासून पाळले.

त्या विषयात ती उत्तीर्ण झाली, गुण मध्यम मिळाले. ‘ट्री’ या पुढच्या घटकापर्यंत ती स्थिरावली, ‘ग्राफ’ हा घटक अजून जड जातो आणि त्यासाठी ती सुट्टीत वही घेऊन बसणार आहे. सगळ्यांची वाट इतकी सरळ नसते. अभ्यासाची पद्धत बदलूनही झोप लागत नसेल, जेवण तुटले असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर तो अभ्यासाचा प्रश्न राहत नाही. त्या वेळी महाविद्यालयातील समुपदेशकाकडे जावे, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला 14416 या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येते आणि फोन रात्री-अपरात्रीही घेतला जातो.