मानेतल्या ओपीएलएलचं ऑपरेशन केल्यावर हात पहिल्यासारखे होतात का?

तुमच्या वडिलांना ओपीएलएल (मानेच्या मणक्यांमागची पट्टी हाड होऊन मज्जारज्जू दाबते तो आजार) आहे आणि ऑपरेशन करावं का असं तुम्ही विचारलंय, ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. पूर्ण पहिल्यासारखे बहुतेक होत नाहीत. तरी करा, आणि लवकर करा.

आमच्या बाबांनाही हाच आजार. नागपूरच्या महाल भागात त्यांचं शिलाईचं दुकान. आधी सुईत दोरा ओवेना, मग काज करताना सुई बोटांतून गळायची आणि त्यांना ते कळायचंच नाही, फरशीवर टिणकन आवाज आला की खाली बघायचे. चप्पलही पायातून निघून जायची. सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसलं, मणक्यांच्या मागची पट्टी हाड झालेली आणि मज्जारज्जू दबून चपटा. धंतोलीतले सर्जन म्हणाले थांबू नका. पण मोठे काका अडून बसले, "मानेले सुरी लागली का माणूस खाटेवरच राहते", आणि आठ महिने बाबांना मालिशवाल्याकडे नेलं, तो मान कटकट मोडायचा. अरे, या आजारात साधं घसरून पडलं तरी हातपाय जाऊ शकतात, आणि तुम्ही मान मोडून घेता?

शेवटी लॅमिनोप्लास्टी झाली, म्हणजे मागून मणक्याची कमान दारासारखी उघडून जागा करतात, जपानमधली पद्धत. तिसऱ्या दिवशी उजवा हात खांद्यातून उचलेना आणि काका वॉर्डातच "मी म्हटलं होतं ना". ती सी-५ पाल्सी, म्हणजे खांदा उचलणारी मानेतली पाचवी नस कमजोर पडणं, या ऑपरेशनचा माहीत असलेला धोका, बहुतेकांची काही महिन्यांत भरून येते. बाबांना पाच महिने लागले. आता जिना कठडा न धरता चढतात, स्वतःची बटणं स्वतः लावतात, पण काज नाही जमत.

हो, एक राहिलं, हाडानं मज्जारज्जूच्या नळीतली ६० टक्क्यांहून जास्त जागा खाल्ली असेल किंवा मान पुढे वाकलेली असेल तर मागून करून फायदा कमी, पुढून करावं लागतं, त्यात मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळायचा धोका जास्त. के-लाइन (मानेच्या फोटोवर मज्जारज्जूच्या नळीच्या मधून काढलेली रेघ, हाड ती ओलांडतं का ते बघतात) काय आहे ते विचाराच. त्रासच नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. मी डॉक्टर नाही.

काका अजूनही म्हणतात हात ऑपरेशननं गेला. हातपाय किती चालतात याचे जेओए म्हणून १७ पैकी मार्क देतात, जास्त तितकं चांगलं, बाबांच्या फाइलीत पहिल्या तपासणीला १४ आहेत, मालिशीच्या आठ महिन्यांनंतर १०, आणि ऑपरेशननंतर वर्षानं १३. तुमच्या घरी कोणी अडून बसलं असेल तर त्यांना हे तीन आकडे दाखवा.