मालिकेतलं 'नाशिक' खरं की सेटवरचं, कसं ओळखायचं?

गोदाघाटाचं दृश्य असेल तर आधी दुतोंड्या मारुती, म्हणजे घाटावरची दोन तोंडांची उंच मारुतीची मूर्ती, शोधा; घाटाचा लांबचा शॉट आहे आणि तो कुठेच दिसत नाही, तर बहुतेक चित्रीकरण दुसऱ्याच कुठल्या नदीवर झालंय. पंचवटीत राहत असल्याने रामकुंडावरून रोजचं येणं-जाणं आहे, म्हणून हे लगेच खटकतं. पुराच्या दृश्यात तर लबाडी हमखास पकडली जाते. नाशिककर पूर मारुतीवरच मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, गळ्यापर्यंत गेलं. एका मालिकेत बातमीदार 'महापूर, महापूर' ओरडत होता आणि मागे मारुतीराया पायापर्यंत कोरडे! म्हणजे जुना शॉट चिकटवलेला.

आणखी काही खुणा:
- काळाराम मंदिर काळ्या दगडाचं आहे. पिवळसर किंवा गुळगुळीत रंगवलेलं दिसलं की समजा प्लायवूड.
- रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्या एमएच ०२ किंवा ०४ च्या, एकही १५ नाही? मग ती मुंबई-ठाण्याकडची गल्ली.
- चहाचा कप अर्धा, पुन्हा भरलेला, पुन्हा अर्धा. एकच प्रसंग वेगवेगळ्या कोनांतून परत परत घेतात, त्यात हे होतं. पण याचा गावाशी संबंध नाही, खऱ्या घाटावरही होईल.

फक्त एकट्यादुकट्या नंबरप्लेटवरून निकाल देऊ नका. रविवारी पंचवटीत निम्म्या गाड्या बाहेरगावच्याच असतात.