श्रिंक लिनक्सवर चालेल का? आणि डीव्हीडीचे आणखी काही प्रश्न

माळ्यावरचा डबा साफसफाईला खाली आला की डीव्हीडीचे प्रश्न सुरू होतात, हे दरवर्षीचंच. आता त्यात एक भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले आणि जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकून घेणारे वाढले. मशीन पळायला लागलं, पण हाताखालचा जुना प्रोग्राम मागं राहिला. या वेळच्या टपालात निम्मे प्रश्न तिथूनच आलेत.

प्रश्न : पंधरा वर्षं मी डीव्हीडी श्रिंक, म्हणजे डीव्हीडीची आटोपशीर नक्कल काढणारा विंडोजचा प्रोग्राम, वापरत आलो. पुतण्यानं मशीनवर लिनक्स मिंट टाकून दिलं. बाकी सगळं बेस्ट, पण श्रिंक काही उघडत नाही. आता नव्यानं शिकायचं का? – एक निवृत्त शिक्षक, कसबा बावडा

सर, उघडेल. मधे एक दुभाष्या बसवावा लागेल, त्याचं नाव वाइन. वाइन म्हणजे मशीनमध्ये लपवलेलं आख्खं विंडोज नव्हे. विंडोजचा प्रोग्राम ‘ही फाइल उघड’, ‘इथं खिडकी काढ’ असं जे मागतो, ते वाइन लिनक्सला कळेल अशा बोलीत पोचवतं. १९९३ पासून हे काम चालू आहे आणि पैसे लागत नाहीत. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ते घेता येतं. श्रिंकची शेवटची ३.२ आवृत्ती २००४ सालची, ३२ बिटची आहे. त्यामुळे वाइनचा ३२ बिटचा आधार बसलाय ना, एवढं पुतण्याला बघायला सांगा. इतका जुना, साधा प्रोग्राम असल्यामुळेच तो वाइनमध्ये निमूट चालतो. नवे प्रोग्रामच जास्त रडतात.

अडचण येते ती ड्राइव्हपाशी. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्हचा भाग असतो, तिथं डीव्हीडी ड्राइव्हला एक अक्षर देऊन तिचा प्रकार सीडी-रॉम असा निवडावा लागतो. एवढं करूनही कधी डिस्क दिसत नाही, कधी दिसते आणि वाचताना लटकते. यात लोकांच्या संध्याकाळी गेलेल्या मी बघितल्यात. माझी पद्धत वेगळी आहे. वाइनला ड्राइव्हला हातच लावू द्यायचा नाही. डिस्क वाचायचं काम लिनक्सचं. डीव्हीडीबॅकअप नावाचं छोटं साधन डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये उतरवतं. मग श्रिंक उघडून ‘ओपन डिस्क’च्या ऐवजी ‘ओपन फाइल्स’ निवडायचं आणि तो फोल्डर दाखवायचा. श्रिंकला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. शेवटी त्याच्याकडून आयएसओ फाइल, म्हणजे आख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये, काढून घ्या आणि कोऱ्या डिस्कवर लिहायचं काम परत लिनक्सच्या केथ्रीबी किंवा ब्रासेरोकडे द्या.

आता मास्तरांनाच एक प्रश्न विचारायचं धाडस करतो. श्रिंक लागतंय कशाला? दोन थरांच्या डिस्कवर ८.५ जीबी मावतं आणि बाजारात मिळणारी साधी कोरी डिस्क ४.७ जीबीची. त्यात कोंबायचं म्हणून श्रिंक चित्रातला बारकावा काढून टाकायचं. कापड पुरत नाही म्हणून बाही आखूड करायची, तसा प्रकार. आज १ टीबीच्या हार्ड डिस्कवर काठोकाठ भरलेल्या शंभरावर डिस्क न कापता बसतात. तेव्हा पहिली नक्कल पूर्ण ठेवा. मुलांना पाठवायला हलकी फाइल हवी असेल तर ती त्या नकलेवरून हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रामनं करा. हँडब्रेकला वाइन लागत नाही, ते लिनक्सवर थेट मिळतं. श्रिंकची सवय मोडवत नाही म्हणून ठेवलंत तरी माझी हरकत नाही. माझ्याही मशीनवर अजून आहे.

प्रश्न : आमच्या लग्नाची डीव्हीडी अंतरपाट धरल्यावर बरोबर अडकते. पुढं सरकतच नाही. कॉम्प्युटरवर कॉपी करताना पण तिथंच एरर येते. विंडोजचं एक रिकव्हरी सॉफ्टवेअर वाइनमध्ये टाकून बघितलं, त्याला ड्राइव्हच सापडत नाही. – एक भगिनी, मंगळवार पेठ

ताई, अंतरपाट पडेल, थोडा धीर धरा.

आधी ते रिकव्हरी सॉफ्टवेअर काढून टाका. असले प्रोग्राम ड्राइव्हशी थेट, आतल्या पातळीवर बोलू बघतात आणि वाइनची बाजू तिथंच लंगडी आहे. ते चांगलं की वाईट हा प्रश्नच येत नाही, त्याची जागा चुकली.

मग डिस्क उजेडाकडे धरून बघा. मऊ सुती कापडानं मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. गोल गोल पुसू नका, कारण माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते. त्याच दिशेनं पडलेला ओरखडा एका जागची बरीच माहिती खातो, आडवा ओरखडा थोडी थोडी. टूथपेस्ट लावायचा सल्ला कोणी दिला असेल तर तो ऐकू नका. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो, त्यामुळे सीडीच्या मानानं ती वरच्या बाजूनं दणकट. पण वर नवरानवरीच्या फोटोचा कागदी स्टिकर असेल तर सोलू नका. मी एकदा हौसेनं सोलायला गेलो आणि चकत्याच एकमेकींपासून सुटल्या. ती डिस्क मामेबहिणीच्या बारशाची होती आणि तिनं मला अजून माफ केलेलं नाही.

आता मुख्य काम. साधी कॉपी खराब जागेपाशी आली की हात टेकते आणि पुढचं चांगलं असलेलंही सोडून देते. लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून साधन आहे, त्याची चाल उलटी. जे सहज वाचता येतं ते आधी उचलायचं, अडलेल्या जागा एका नोंदफाइलमध्ये टिपून ठेवायच्या आणि शेवटी परत परत त्यांच्याकडे यायचं. चालू करताना सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या एका तुकड्याचा, आकार २०४८ बाइट सांगायचा, डीव्हीडीचा तेवढाच असतो. रात्रभर चालू द्या. मधे वीज गेली तरी नोंदफाइल असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. आणि खरी खुबी इथं आहे: तीच डिस्क, तीच नोंदफाइल घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर बसायचं. प्रत्येक ड्राइव्हची नजर वेगळी. माझ्या घरच्या एका डिस्कवर लॅपटॉपच्या ड्राइव्हनं जे सोडून दिलं, ते अडगळीतल्या जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हनं मुकाट वाचलं. शेजारपाजारी जुनं मशीन असेल तर मागून आणा.

हाती येईल ती आयएसओ फाइल. ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तशीच चालते. जे अजिबात वाचलं गेलं नाही तिथं दोन-चार सेकंद चित्र चौकटी-चौकटीचं होईल, पण पुढं सरकेल.

हे करताना घरातल्या विकतच्या सिनेमांच्या डिस्क मागं ठेवा. त्या कारखान्यात ठशावरून काढलेल्या असतात. लग्नाची डिस्क ड्राइव्हमध्ये रंगाच्या थरावर लिहिलेली असते आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं उतरतो. सिनेमा परत मिळेल, लग्न परत मिळणार नाही.

प्रश्न : कॉपी झाली, पण एका कार्यक्रमाच्या चार-पाच फाइली झाल्यात आणि गाणं मधेच तुटतं. – इचलकरंजी

डीव्हीडीवर व्हिडिओची फाइल, तिला व्हीओबी म्हणतात, १ जीबीच्या आतच ठेवायचा नियम आहे, म्हणून तोडलेल्या असतात. नावं बदलू नका, क्रम बिघडतो. अख्खा फोल्डर मेकएमकेव्ही या प्रोग्रामला दाखवा. ते दर्जा न घालवता सगळं सांधून एक फाइल देतं. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर थेट चालतं.

प्रश्न : माझ्याकडे एम चिपचं मॅकबुक आहे. बाबांचं विंडोजवरचं डीव्हीडी सॉफ्टवेअर त्यावर चालवायचंय. मॅकवर विंडोज टाकून देणारं बूट कॅम्प सापडत नाही. – एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

सापडणारही नाही. २०२० पासून ॲपलनं स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यांच्यावर बूट कॅम्प नाही. वाइनवरच उभं असलेलं क्रॉसओव्हर विकत मिळतं, त्यात बरेच विंडोज प्रोग्राम चालतात. पण एका डीव्हीडीसाठी त्याचे पैसे घालू नकोस. यूएसबीची बाहेरची ड्राइव्ह घे, जुनी असेल तर टाइप-सीचं कनेक्टर लागेल. डिस्क घरगुती असेल तर मॅकच्याच डिस्क युटिलिटीत तिची इमेज काढता येते. पुढचं हँडब्रेक बघेल. बाबांना एवढंच सांग की सॉफ्टवेअर बदललं, डिस्क तीच आहे.

प्रश्न : २००७ च्या हँडीकॅममधल्या छोट्या डिस्क आहेत. कॅमेऱ्यात दिसतात, कॉम्प्युटरला कोऱ्या दिसतात. सगळं पुसलं गेलं का? – एक फोटोग्राफर, शाहूपुरी

पुसलं नाही. त्या ८ सेंटीमीटरच्या, १.४ जीबीच्या डिस्क. शूटिंग झाल्यावर कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ म्हणजे डिस्क बंद करायची पायरी राहून गेली की कॉम्प्युटरला अनुक्रमणिकाच सापडत नाही. कॅमेरा चालू आहे ना? मग देवाचे आभार माना, चार्जर लावा आणि मेन्यूतून एकेक डिस्क फायनलाइज करा. बॅटरीवर करू नका. मधेच बंद पडला तर डिस्क हातची जाऊ शकते. त्यानंतर त्या साध्या डीव्हीडीसारख्या उतरतील. काही डिस्क व्हीआर पद्धतीच्या निघतील, त्यात व्हीआरओ नावाची एकच मोठी फाइल असते. व्हीएलसीला ती बहुधा चालते.

एक सावधगिरी. ट्रे बाहेर येतो त्याच ड्राइव्हमध्ये या डिस्क घालायच्या, मधल्या छोट्या गोलात. फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घातलीत तर ती आतच राहील आणि मग स्क्रू ड्रायव्हर शोधत फिराल.

प्रश्न : मुलानं इंग्लंडहून आणलेली डीव्हीडी घातली की रिजन बदलू का असं विचारतं. हो म्हणावं का? – गडहिंग्लज

इतक्यात नको. डिस्क कुठल्या भागात चालावी याचा आकडा म्हणजे रिजन. भारत रिजन ५, इंग्लंड २. बहुतेक ड्राइव्हमध्ये रिजन फक्त ५ वेळा बदलता येतो, पाचव्या वेळी जो असेल तो कायमचा. ही मोजणी ड्राइव्हच्या पोटात असते, विंडोज काढून लिनक्स टाकलं म्हणून ती शून्यावर येत नाही. तिकडच्या डिस्क बऱ्याच असतील तर एक स्वस्तातली बाहेरची ड्राइव्ह घेऊन ती २ वर ठेवून द्या.

प्रश्न : विकत घेतलेल्या डीव्हीडीची नक्कल करणं गुन्हा आहे का? मित्रांना दिली तर? – कागल

मी वकील नाही, कायद्यात आहे तेवढं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या ५२ व्या कलमात स्वतःच्या खासगी वापरासाठी रास्त वापराला जागा आहे. पण विकतच्या बहुतेक डिस्कवर सीएसएसचं कुलूप असतं. ४० बिटची किल्ली, १९९९ मध्येच फुटलेली, आणि आज लिनक्सवर व्हीएलसी ज्या लायब्ररीच्या, म्हणजे छोट्या जोडप्रोग्रामच्या, जोरावर अशी डिस्क दाखवतं ती हेच कुलूप उघडते. २०१२ च्या दुरुस्तीनं ६५अ कलम आलं. हक्क भंग करायच्या इराद्यानं असं कुलूप चुकवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. मित्रांना वाटणं हा रास्त वापर होत नाही. कुलूप वाइनमधून उघडलं काय आणि विंडोजमधून उघडलं काय, कायद्याला दोन्ही सारखंच.

प्रश्न : सगळं हार्ड डिस्कवर उतरवलं. आता डबा भंगारात देऊ का? – शिवाजी पेठ

आधी उतरवलेली प्रत्येक फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशी तीन ठिकाणी चालवून बघा. मग दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणखी एक प्रत काढा आणि ती घरात ठेवू नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कुठं कुठं शिरलं ते तुम्ही बघितलंय. तळमजल्यावरच्या एकाच कपाटात मूळ डिस्क आणि तिची नक्कल शेजारी शेजारी ठेवलेली घरं मला माहीत आहेत. दुसरी प्रत उंचावरच्या पाहुण्यांकडे किंवा पुण्याच्या लेकीकडे जाऊ दे. घरगुती डिस्क तेवढ्या ठेवा, बाकीचा डबा खुशाल द्या.