सरळ सांगता येतं ते कवी उपमा-रूपकांत का सांगतात? त्याने अर्थ खरंच बदलतो का?

बदलतो. मला वाटतं, शाळेत 'अलंकार' हा शब्द शिकवला तिथेच घोटाळा झाला. अलंकार म्हणजे दागिना, आणि दागिना काढून ठेवता येतो. उपमेय ओळखा, उपमान ओळखा, दोन गुण घ्या, पुढचा प्रश्न. ते उपमान ओळीतून काढलं तर मागे काय उरतं, हे कुणी विचारलंच नाही.

करून बघा. 'ती गप्प होती' एवढंच सांगायचंय. लिहा : 'तिचं मौन दगड होतं.' आता दगड खोडून तिथे बर्फ लिहा. दोन्ही गार, दोन्ही कठीण. पण बर्फ वितळतो! म्हणजे ते मौन कधीतरी सुटेल ही आशा आली, ऊब कोण देणार हा प्रश्न आला, आणि वितळल्यावर पाणी येणार, म्हणून रडणंही आलं. यातलं एक अक्षर तुम्ही लिहिलेलं नाही. आता 'बर्फासारखं' करून बघा. लगेच मौन आणि बर्फ यांच्यात जरा फट पडते. तुलना करणारा कुणी तिथे उभा आहे हे जाणवतं. रूपकात तो दिसत नाही.

आपल्याकडच्या साहित्यशास्त्रात यासाठी एक जुनं, ठरलेलं उदाहरण आहे : 'गंगायां घोषः', म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. वाहत्या पाण्यावर घरं कशी असतील? शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे अभिधा, तिथे अडते. मग आपण 'गंगेच्या काठावर' असं समजून घेतो, ही लक्षणा. खरी गंमत पुढे आहे. काठच म्हणायचा होता तर 'काठावर' का नाही म्हटलं? कारण 'गंगेवर' म्हटलं की नदीचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला येऊन चिकटतं. ही व्यंजना. 'काठावर' लिहा, पत्ता बरोबर राहील, पण गारवा तेवढा लागणार नाही. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने नवव्या शतकात 'ध्वनी'ला काव्याचा आत्मा म्हटलं; हा ध्वनी म्हणजे आवाज नव्हे, असाच सुचवलेला अर्थ.

अर्थात प्रत्येक प्रतिमा काम करतेच असं नाही. चंद्रासारखं मुख वाचून आता कुणाला चंद्रही दिसत नाही आणि मुखही नाही. अशा ओळीत उपमा खरोखरच दागिना असते, तोही उसना.

उलट, रोजच्या बोलण्यात किती रूपकं निपचित पडलेली असतात बघा. आठवण कडू असते, शब्द लागतो, वेळ जातो. वेळेला पाय नाहीत हे कुणाच्या मनातही येत नाही. 'वेळ गेला' या ओळीखाली एखाद्याने नुसतं 'कुठे?' लिहिलं, की ती पुन्हा चालायला लागते.