रात्रभर खेळणारा आणि चॅटला उत्तर न देणारा खेळाडू बॉट समजावा का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या छोट्या मल्टिप्लेअर गेममध्ये काही अकाउंट तासन् तास एकाच जागी खाणकाम करतात, कोणी हाक मारली तरी बोलत नाहीत, म्हणून ती बॉट, म्हणजे माणसाऐवजी आपोआप खेळणारे प्रोग्राम, असावीत असं वाटून जास्त तास + चॅटला उत्तर नाही = आपोआप बॅन अशी स्क्रिप्ट लावायचा विचार आहे. नका लावू. हाच नियम लागू होताना मी जवळून बघितलाय आणि त्यावरून झालेलं भांडण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून जरा लांब लिहितेय.

मी एका टूडी एमएमओमध्ये, म्हणजे हजारो जण एकाच जगात ऑनलाइन खेळतात अशा गेममध्ये, व्हॉलंटियर मॉडरेटर होते, नाव सांगत नाही. आम्हाला लॉग दिसायचे, कोणी कधी नकाशावरच्या कुठल्या टाइलवर (चौकोनावर) क्लिक केलं, काय उचललं, कोणाशी ट्रेड केला, सगळं. तिथे एक खेळाडू होता जो रात्र रात्र लोखंडाच्या खाणीत असायचा. खाण ते बँक, बँक ते खाण, तोच रस्ता. कोणी हाय म्हटलं तरी शब्द नाही. त्याच्यावर रिपोर्ट पडत राहिले. आमचे एक सिनियर मॉडरेटर होते, त्यांचं म्हणणं की माणूस असता तर एकदा तरी बोलला असता, आणि एवढा वेळ दगड फोडत कोण बसतं. मी म्हटलं आधी लॉग बघू. ते म्हणाले त्यात बघायचंय काय, समोर दिसतंय की. आणि बॅन केलं.

मी लॉग काढलेच. पहिली गोष्ट बघितली ती दोन क्लिकमधलं अंतर. माणसाच्या अंतरांचा आलेख काढा, तो एका बाजूला कललेला येतो, बरेचसे क्लिक पटापट आणि मग लांबच लांब शेपटी, कारण माणूस मधेच फोन बघतो, पाणी प्यायला उठतो, पेंगतो. बॉट लिहिणारेही काही मूर्ख नसतात, दर वेळी तेच अंतर ठेवलं तर पकडले जाऊ हे त्यांना कळतं, म्हणून ते रँडम टाकतात, पण बहुतेक जण ६०० ते ९०० मिलिसेकंदांमधला कुठलाही आकडा असं साधं सरळ रँडम टाकतात आणि मग आलेख पाटासारखा सपाट येतो, दोन्ही टोकांना एकदम तुटलेला. ५९० वर काही नाही, ९१० वर काही नाही. माणसाचा हात असा चालतच नाही. या खेळाडूचा आलेख शेपटीवाला होता, वर जसजशी रात्र सरायची तसतसं अंतर वाढत जायचं आणि शेजारच्या टाइलवर चुकून पडणारे क्लिकही वाढायचे.

दुसरी गोष्ट त्याहून पक्की. एका अपडेटमध्ये बँकेकडे जाणारा रस्ता थोडा बदलला होता, मधे कुंपण आलं होतं. त्याच खाणीतली आणखी तीन अकाउंट्स त्या दिवशी कुंपणाला धडकत राहिली, तासन् तास, जुन्याच कोऑर्डिनेट्सवर क्लिक. हा खेळाडू मात्र थांबला, आजूबाजूला फिरला, लांबून वळसा घालून बँकेत पोचला आणि पुढच्या फेरीपासून त्याहून जवळची वाट धरली. आणि ती तीन अकाउंट्स, ऐका आता, चॅटमध्ये सगळ्यांना हाय करायची! कोणी नाव घेतलं की 'हो आहे, मजेत' असं उत्तर यायचं. चार-पाच ठरलेली वाक्यं, आळीपाळीने. सिनियरच्या नियमात ती माणसं ठरत होती.

तिसरं म्हणजे माल कुठे जातो. मला विचाराल तर इथूनच सुरुवात करायला हवी, बाकी सगळं नंतर. त्या तिघांचं सगळं लोखंड एकाच चौथ्या अकाउंटकडे जात होतं आणि बदल्यात काहीच येत नव्हतं, ना गोल्ड ना वस्तू. गप्प बसणाऱ्या त्या खेळाडूने आपलं लोखंड वितळवून चिलखतं बनवली होती, रंग लावले होते, गेममधल्या घरात शोभेच्या वस्तू मांडल्या होत्या ज्यांचा खेळात कवडीचा उपयोग नव्हता. खऱ्या पैशाला माल विकण्यासाठी चालवलेलं अकाउंट स्वतःवर खर्च करत नाही हो. बॉट चालवणारा माऊसची हालचाल वाकडीतिकडी करू शकतो, मधे ब्रेक टाकू शकतो, पण माल शेवटी कुठेतरी पोचवावाच लागतो, त्याशिवाय त्याचा धंदा चालणार कसा.

हे सगळं मी मांडलं. उत्तर आलं, नियम सगळ्यांना सारखा. त्या खेळाडूने अपील केलं होतं, तुटक दोन ओळी, की ही भाषा मला येत नाही म्हणून बोलत नाही, रात्री झोप लागत नाही म्हणून खेळतो. ते अपील वाचलं कोणी? ज्यांनी बॅन केलं त्यांनीच. नामंजूर. मग मी थेट डेव्हलपरकडे लॉग पाठवले, अकाउंट उघडलं, त्या तिघांना आणि चौथ्यालाही काढलं, पण तो खेळाडू परत लॉगिन झाला नाही. सिनियर शेवटपर्यंत म्हणत राहिले की एखादा चुकून गेला तरी चालतं, गेम स्वच्छ राहतो.

चालत नाही, आणि का ते साध्या गणितात बघा. समजा तुमच्याकडे ५,००० खेळाडू आहेत आणि त्यातले ५० बॉट. तुमची स्क्रिप्ट ९८ टक्के अचूक आहे असं धरू, म्हणजे भलतीच चांगली. ती ५० पैकी ४९ बॉट पकडेल. उरलेल्या ४,९५० माणसांपैकी २ टक्के म्हणजे ९९ जणांनाही पकडेल. १४८ बॅनमध्ये ९९ निरपराध! आणि तास + चॅट हा नियम ९८ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही.

चॅटला उत्तर दे नाहीतर बॅन, हे प्रश्न विचारून पकडणं नवीनही नाही. रूनस्केप या ऑनलाइन गेममध्ये बॉटना अडवायला मधेच येणारे रँडम इव्हेंट्स, म्हणजे अचानक समोर येणारे छोटे प्रसंग आणि कोडी, टाकले होते, बॉट ते सोडवायला शिकले आणि त्रास राहिला खऱ्या खेळाडूंना. तो गेम बनवणाऱ्या जॅगेक्सने ऑक्टोबर २०११ मध्ये जे केलं ते वेगळं होतं, बॉट क्लायंटमध्ये (खेळाडूच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गेमच्या प्रोग्राममध्ये) घुसून ज्या पद्धतीने माहिती वाचायचे ती पद्धतच मोडली आणि साधारण १५ लाख अकाउंट्स उडवली. नंतर बॉट परत आलेच, ते येतातच. डोटा २ या गेममध्ये २०२३ ला तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हने सापळा लावला, नेहमीच्या खेळात कधीच वाचला जाणार नाही असा डेटा क्लायंटमध्ये ठेवला आणि जो वाचेल तो चीट वापरतोय हे उघड, ४० हजारांवर अकाउंट्स गेली. तो प्रकार चीटचा होता, बॉटचा नाही, पण असा पुरावा मला पटतो, कारण त्यात कोण किती बोलतं याचा संबंध येत नाही. वर्तनावरून पकडायचंच असेल तर लिनिएज, आयन वगैरे कोरियन गेम्सच्या लॉगवर २०१६ मध्ये आलेलं संशोधन शोधून वाचा, त्यात अकाउंट स्वतःच्याच आधीच्या वागण्याची किती पुनरावृत्ती करतं हे मोजलंय.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. क्लिकमधलं अंतर सर्व्हरच्या वेळेवरून मोजलंत तर नेटवर्कचा उशीर त्यात मिसळतो आणि सपाट आलेखाच्या कडा पुसट होतात. आमचा क्लायंट स्वतःची वेळ पाठवायचा म्हणून दिसलं, पण ती वेळ खोटीही पाठवता येते. दमल्याचं सोंग करणारे बॉटही असतात, त्यामुळे एकट्या आलेखावर कोणाला काढू नका. सगळा माल एकाकडे देणारा मित्र किंवा भाऊही असू शकतो. पैशासाठी हाताने खेळणारी माणसं ट्रेडमध्ये बॉटसारखीच दिसतील, त्यांचा नियम वेगळा ठेवा. शूटर गेम असेल तर यातलं बरंचसं लागू नाही.

पकडल्या पकडल्या बॅनही करू नका, थोडे दिवस साठवून एकदम करा, नाहीतर बॉटवाल्याला लगेच कळतं की कशामुळे पकडलं गेलो आणि तो तेवढंच दुरुस्त करतो.

आणि स्क्रिप्ट लिहायच्या आधी अपीलचा फॉर्म बनवा. त्यात कुठल्याही भाषेत लिहिता आलं पाहिजे, आणि ते वाचणारा माणूस बॅन करणाऱ्यापेक्षा वेगळा पाहिजे. तुम्ही दोघंच चालवत असाल तर एकाने बॅन करायचं, दुसऱ्याने वाचायचं, आणि वाचणाऱ्याला आधी लॉग दाखवायचे, बॅन करणाऱ्याचं मत नंतर.